पाटी आहे तोवर

डॉक्टर लोकांना अख्खा शब्द लिहायला कुणी बंदी केलीय, देव जाणे. दिवसातून तीनदा गोळी द्यायची तर टीडीएस, दोनदा द्यायची तर बीडी, गरज पडली तरच द्यायची असेल तर एसओएस. आणि काल जे चाललं होतं तेच आजही चालू द्या म्हणायचं तर सीएसटी. तीन अक्षरं खरडली की झाली राउंड, चला पुढच्या खाटेला. सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाची स्टाफ नर्स म्हणून सुंदरम्मानं ही अक्षरं इतकी वर्षं वाचली होती, की घरी भाजीची पिशवी रिकामी करतानाही तिच्या मनात यायचं, कांदा टीडीएस, मेथी एसओएस. हसू मात्र यायचं नाही. हसायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं.

आणि शहात्तर सालच्या त्या उन्हाळ्यात तिच्या अंगात त्राण म्हणून नव्हतं. दोघी सिस्टर रजेवर, त्यांच्या पाळ्या हिच्या डोक्यावर. त्यात कुटुंबनियोजनाचे कॅम्प. जीप भरभरून बाया यायच्या, ऑपरेशनचं टेबल त्यांनाच लागायचं, खाटा पुरायच्या नाहीत, मग वऱ्हांड्यात गाद्या. वरून आकडा ठरवून दिलेला, तो भरायचा म्हणजे भरायचाच. बाकीच्या पेशंटनी काय करायचं? थांबायचं. थांबायला काय लागतं, म्हणणाऱ्यांनी एकदा त्या वॉर्डात पंख्याशिवाय थांबून बघावं.

थांबणाऱ्यांत एक निंगव्वा होती. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, पन्नाशी ओलांडलेली, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, अंगानं काटकुळी. शेवटच्या बाळंतपणानंतर तिचं अंग बाहेर यायला लागलं, ते कितीतरी वर्षं तिनं लुगड्याच्या आत दाबून, बांधून, सावरून काढलं. कुणाला सांगायचं? नवऱ्याला सांगायला लाज, सुनेला सांगायला त्याहून लाज. शेवटी चालणंच मुश्कील झालं तेव्हा नवरा, गुरुबसप्पा, तिला एसटीत घालून घेऊन आला. ऑपरेशन करून गर्भाची पिशवी काढायची असं ठरलं.

सोमवारी संध्याकाळी सुंदरम्मानं तिच्या खाटेच्या पायथ्याशी पाटी अडकवली. पत्र्याची, पांढऱ्या रंगाची, वर लाल इंग्रजी अक्षरं, एनबीएम. म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, कारण भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर जीव जायचा.

"ह्ये काय लावलंत बाई?" निंगव्वानं विचारलं.

हे सगळं नीट समजावून सांगायला पाहिजे होतं. सुंदरम्मा पूर्वी सांगायचीसुद्धा. त्या दिवशी तिच्या पायांचे गोळे दुखत होते आणि वऱ्हांड्यातून कुणीतरी हाका मारत होतं. ती म्हणाली, "उद्या आपरेशन. रात्रीपासनं उपास समज. पाटी हाय तवर तोंडात काय घालायचं नाही."

"आयतु," निंगव्वा म्हणाली. बरं, ठीक. आणि तिनं त्या पाटीला हात जोडले. सुंदरम्मानं ते पाहिलं आणि ती हाका मारणारीकडे गेली.

मंगळवारी निंगव्वाला तयार करून हिरवा झगा घालून ठेवलं. दुपारी जीप आली, तीतून कॅम्पच्या बाया उतरल्या. दुपार कलली तरी निंगव्वाला बोलावणं नाही. मग ऑपरेशन थिएटरकडून निरोप आला, आज व्हीएच होणार नाही, शुक्रवारी बघू. व्हीएच म्हणजे खालून पिशवी काढायचं ऑपरेशन, म्हणजेच निंगव्वा. त्या लोकांना पेशंटचं नाव घ्यायचीही सवड नसते. सुंदरम्मानं तिचा झगा सोडवला, तिला तिचं लुगडं नेसायला दिलं, पुढच्या पाळीच्या सिस्टरला उभ्या उभ्या सगळा वॉर्ड समजावला आणि घर गाठलं. पाटी तेवढी काढायची राहिली.

संध्याकाळी हाऊस सर्जन डॉ. जेऊरकर राउंडला आले. पोरगेलेसे डॉक्टर, दिवसभर कॅम्पात उभे राहून डोळे चुरचुरत होते. निंगव्वाच्या कागदावर त्यांनी लिहिलं, सीएसटी. काल चाललं होतं तेच चालू द्या. आणि काल काय चाललं होतं? एनबीएम. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातला प्रकार. बुधवारी पुन्हा सीएसटी. जेवणाची गाडी यायची, वाढणारा पाटी बघायचा, पुढं जायचा. आयाबाई मायाक्का पाणी वाटायची, पाटी बघायची, पुढं जायची. सुंदरम्माची बुधवारी सुट्टी. ती घरी मेल्यासारखी झोपली होती.

गुरुवारी सकाळी सुंदरम्मा ड्यूटीवर आली, तेव्हा मायाक्का निंगव्वाला काखेत धरून मोरीकडून आणत होती. निंगव्वाचे पाय जमिनीला लागत होते की नाही कुणास ठाऊक. मोरीपाशी तिला भोवळ येऊन ती बसकण मारून पडली होती. जेऊरकरांनी धावत येऊन नाडी बघितली, बीपी घेतलं, पापणी ओढून पाहिली आणि मान हलवली.

ते बाजूला गेल्यावर सुंदरम्मा खाटेशी आली. निंगव्वाच्या ओठांची सालं निघाली होती. जीभ पांढरी. आणि पायथ्याशी ती पाटी.

सुंदरम्मा खाली वाकली. तिनं कानडीत विचारलं, "ऊटा आयतेनु?" जेवण झालं का? सकाळी कुणीही कुणालाही विचारतं तसंच तिनं विचारलं, पण आवाज फाटला.

निंगव्वा तिच्याकडे बघून जरा हसली. "तुमीच सांगितलं की. पाटी हाय तवर न्हाय."

"परवापासनं? पाणी पण न्हाय?"

"पाणी न्हाय घेतलं. सकाळी पूजेचं तीर्थ तेवढं घेतलं. तीर्थ म्हंजे पाणी न्हवं, बाई."

गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी घालायचं आणि ते तीर्थ म्हणून ओंजळीनं घ्यायचं, हे निंगव्वा रोज पहाटे करायची. त्या ओंजळभर पाण्यावर ही बाई ऐन उन्हाळ्यात तग धरून होती. शेजारच्या खाटेवरची म्हणाली, "मी म्हटलं घ्या वो भाकरीचा तुकडा. न्हाय म्हनली." संध्याकाळी भेटायला आलेल्या गुरुबसप्पानं आणलेली भाकरीही तिनं परत पाठवली होती. त्यानं मायाक्काला विचारलं, तर मायाक्का म्हणाली, पाटी आहे तोवर द्यायचं नाही, डॉक्टर ओरडतात. मग त्यानंही भाकरी फडक्यात बांधली. पाटीवर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून ती मोडायची कुणाचीच छाती झाली नाही. आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचून पुढची खाट गाठली.

सुंदरम्मानं तार सोडवली, पाटी काढली आणि चादरीच्या कपाटात खाली सारली. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं ते मुद्दाम पाहून घेतलं.

एवढ्यात जेऊरकर टेबलापाशी येऊन कागद पुढं ओढत म्हणाले, "सिस्टर, ही बाई भूल झेपणारी नाही. बीपी बघा, नाडी बघा. अनफिट. अंग आत धरायला रिंग बसवून घरी पाठवू, टॉनिक खाऊ दे, दिवाळीनंतर बघू. खाटही मोकळी होईल. साहेबांची राउंडला सही घेतो."

दिवाळीनंतर म्हणजे कधीच नाही, हे सुंदरम्माला पक्कं ठाऊक होतं. एकदा घरी गेलेली अशी बाई पुन्हा येत नाही. घरचे म्हणतात, नेलं होतं की, डॉक्टरच नको म्हणाले. तिकडं दारात गुरुबसप्पा उभा होताच. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना आत यायला मनाई, म्हणून उंबऱ्याबाहेर फेटा हातात घेऊन. मायाक्कानं त्याला बातमी सांगितली असावी, कारण तो म्हणाला, "जाऊ द्या बाई. नशिबात न्हाय म्हनायचं. गटूळं बांदा तिचं."

निंगव्वानं ते ऐकलं. ती रडली-बिडली नाही. छताकडे बघत म्हणाली, "बाई, मी कधीपासनं मांडी घालून बसले न्हाय ठावं हाय का? ते मधी येतं. टोचतं. लिंगपूजा करते ती खाटंला टेकून, अर्धी उभी. जेवते ती एका कुल्ल्यावर. नातीच्या बारशाला सगळ्या बसल्या, मी चुलीपाशी हुबी. आपल्यात मेल्यावर बसवत्यातच की मांडी घालून, तुमाला ठावंच हाय. मातीत तर बसणारच हाय मी. पण जिती हाय तवर एकदा बसायचं हुतं."

सुंदरम्माला ठाऊक होतं. ती त्याच समाजातली. तिच्या वडिलांना असंच बसवून मूठमाती दिली होती. तिच्या युनिफॉर्मच्या आतही इष्टलिंग होतं, फक्त ते हातावर घेऊन निवांत बसल्याला किती काळ लोटला ते तिला आठवत नव्हतं.

आता खरं सांगायचं तर त्या घटकेला सुंदरम्माच्या मनात काही देवत्व वगैरे संचारलं नाही. तिच्या मनात आलं, आपल्याला काय करायचंय. रोज मरे त्याला कोण रडे. तिच्या नावावर आधीच एक मेमो होता, कॅम्पच्या गोंधळात एका बाईची औषधं चुकली म्हणून. आणि दोन महिन्यांत तिला वॉर्डची इनचार्ज करणार असं मेट्रन म्हणाल्या होत्या. इनचार्ज झाली की खुर्ची, पाय लांब करायची सोय, रात्रपाळी बंद. आणखी एक मेमो आला की सगळं मुसळ केरात. पाटी कपाटात होती. बाई अशक्त होती हे खोटं नव्हतं. गप्प बसायला काहीच करावं लागत नव्हतं, आणि तेच तिला त्या घडीला सगळ्यात जास्त हवं होतं.

मोठे साहेब राउंडला आले. त्यांचाही चेहरा उतरलेला. रोज तेच ऑपरेशन करून करून माणूस यंत्रासारखा होतो. निंगव्वाच्या खाटेशी जेऊरकरांनी भराभर सांगितलं, अशक्तपणा, बीपी कमी, भूल देणं धोक्याचं, डिस्चार्ज. साहेबांनी पेन काढलं.

"साहेब, ती उपाशी आहे," सुंदरम्मा म्हणाली.

साहेबांनी पेन तसंच धरलं. "म्हणजे?"

"सोमवारी मी एनबीएमची पाटी लावली. मंगळवारी ऑपरेशन रद्द झालं, मी पाटी न काढता घरी गेले. तेव्हापासून तिनं काही खाल्लं नाही. मीच तिला म्हटलं होतं, पाटी आहे तोवर उपास. तिला कसला आजार नाही साहेब. तिला भूक लागलीय."

बोलून झाल्यावर तिला एकदम खूप थकल्यासारखं वाटलं. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या.

"आणि रोजच्या राउंडला कुणी बघितलं नाही?" साहेब म्हणाले.

जेऊरकरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी सीएसटी लिहिलं, सर. दोन्ही दिवस." बिचाऱ्यानं लपवलं नाही, हे त्याचं भलेपण.

साहेबांनी कागद उलटला. बुधवारच्या सीएसटीखाली त्यांची स्वतःची सही होती. मग पेन खिशात ठेवत म्हणाले, "आपण सगळेच तिच्या पायथ्याशी येऊन गेलो की." मग जेऊरकरांना, "हिला जेवू घाला. आधी पातळ, हळूहळू. शुक्रवार नको, पुढचा मंगळवार. कॅम्प असो नाहीतर आणखी काही असो, पहिली केस हीच." आणि पुढच्या खाटेकडे वळता वळता सुंदरम्माला, "मेमो मात्र तुम्हाला निघेल, सिस्टर. मेट्रन ऐकायच्या नाहीत."

"निघू दे, साहेब."

मेमो खालच्यालाच निघतो. पाणी उताराकडेच वाहतं, त्यात नवल ते काय.

मायाक्कानं साखर घातलेलं पातळ दूध आणलं. सुंदरम्मानं पेला निंगव्वाच्या ओठांपाशी नेला. निंगव्वानं तोंड फिरवलं.

"आता कशाला न्हाय म्हणतीस? पाटी काढली की."

"कुटं काढली? मला दिसली न्हाय. आणि उपास असा सुटतो व्हय? ज्यानं दिला त्यानं सोडवायचा. पूजा हुईल, तीर्थ हुईल, मग. आणि तुमी आदी घ्यायचं."

मायाक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "घ्या. अर्धी मेली तरी हट्ट न्हाय सुटत."

सुंदरम्मा कपाटाकडे गेली, चादरींच्या खालून पाटी काढली आणि निंगव्वाच्या डोळ्यांदेखत टेबलाच्या खणात टाकली. मग परत येऊन खाटेच्या कडेवर बसली. ड्यूटीवर पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं, पण तिचे पायच उभे राहायला तयार नव्हते. निंगव्वा उशीला टेकली होती, पाय लांब केलेले. डाव्या हातावर तिनं लिंग घेतलं, विभूती लावली, सुंदरम्मानं तिच्या तळहातावर तांब्यातलं पाणी सोडलं. निंगव्वा पुटपुटत राहिली. झाल्यावर तिनं हात पुढं केला. "घ्या."

सुंदरम्मानं ओंजळ पुढं केली. तीर्थाचा घोट घशाखाली गेला तेव्हा तिला कळलं की सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. सकाळी तिला कुणी विचारलं नव्हतं, ऊटा आयतेनु. तिला रडू आलं. दमलेल्या माणसाला रडू लवकर येतं, त्याचं काही फार मनावर घ्यायचं नसतं, पण निंगव्वानं घेतलं. ती म्हणाली, "रडू नका. दूध अर्धं तुमी घ्या."

"नियमात बसत नाही," सुंदरम्मा म्हणाली, आणि अर्धं दूध पिऊन उरलेलं तिला पाजलं.

पुढच्या मंगळवारी ऑपरेशन झालं. त्या वेळी पाटी लावताना सुंदरम्मानं कानडीतून सगळं समजावलं, पाटी का आणि कुठवर, आणि वर बजावलं, मी विसरले तर ओरडायचं, मोठ्यानं. निंगव्वानं मान डोलावली, पण पाटीला हात जोडले ते जोडलेच. शुद्धीवर आल्यावर तिनं स्वतःच पायथ्याकडे मान उचलून बघितलं. पाटी नव्हती. सुंदरम्मानं ती तिला थिएटरकडे नेतानाच काढली होती. मेमो आला, सुंदरम्मानं सही केली. इनचार्जच्या खुर्चीवर दुसरी कुणी बसली. तिला वाईट वाटलं. नाही वाटलं म्हणणं खोटं होईल.

टाके सुकले, घरी जायचा दिवस आला. सुंदरम्मा डिस्चार्जचा कागद घेऊन खाटेशी उभी राहिली. बीडी म्हणजे ही पांढरी गोळी सकाळ-संध्याकाळ. एसओएस म्हणजे दुखलं तरच ही, नाहीतर नाही. जड उचलायचं नाही, घागर नाही, डोक्यावरची पाटी नाही, नातीलासुद्धा नाही. उकिडवं बसायचं नाही.

"आणि मांडी?" निंगव्वानं विचारलं.

"मांडी चालेल. सावकाश."

गुरुबसप्पा दारात उभा होता, गठुळं खांद्याला. "ए, चल की. अक्कलकोटची गाडी लागली आसंल."

निंगव्वा उतरायच्या ऐवजी खाटेवर सरकली. एक पाय हातानं ओढून आत घेतला, थांबली. मग दुसरा. चेहरा आवळून ती वाट बघत राहिली, नेहमी जे मध्ये यायचं ते येण्याची. काही आलं नाही. हळूच तिनं अंगाचा भार खाली सोडला, पाठ ताठ केली, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि डोळे मिटले. वॉर्डात पुढच्या खाटेची बाई कण्हत होती, वऱ्हांड्यात कॅम्पच्या बायांची पोरं रडत होती. सुंदरम्माला खूप कामं पडली होती. ती कागद हातात धरून तशीच उभी राहिली.

"अगं गाडी जाईल की," गुरुबसप्पा उंबऱ्याबाहेरून म्हणाला.

निंगव्वानं डोळे उघडले नाहीत.

"जाऊ द्या की," ती म्हणाली. "मी बसलीय."